न लागलेली आग

धोंडूशेठ विमेवाल्याच्या पेढीवर पगारवाढ हवी असेल तर आधी कुठंतरी आग लागावी लागे.

देवठाणच्या सगळ्या कापसाच्या वखारींचा विमा शेठकडे. प्रत्येक वखारीवर पेढीचाच राखणदार. त्यांतला झुंबर हा शेठचा मेहुणा. गठड्यांवर लोळत विड्या ओढायचा, आग लागली की बोंब ठोकून विझवायचा. शेठ दर वेळी त्याला शौर्याचा फेटा बांधत आणि पगार वाढवत. झुंबर सगळे फेटे एकावर एक चढवून हिंडे. आता त्याला दारातून वाकूनच यावं लागे.

बाकीचेही हुशार झाले. दिवाणजी अधूनमधून स्वतःच्याच धोतराचा सोगा पेटवून घेत आणि धावत जाऊन हौदात बसत. त्यांनाही वाढ मिळाली होती.

सगुणा राखणदार होती त्या वखारीत मात्र ठिणगीही पडत नसे. आत येणाऱ्याची विडी ती दारातच काढून घेई, मग तो कुणी का असेना. पगार रुजू झाली तेव्हा होता तेवढाच. त्यात घर चालेना, म्हणून दसऱ्याला ती शेठपुढे उभी राहिली.

"शेठजी, माज्या वखारीत आग लागली न्हाई, ह्यो माजा गुन्हा व्हय?"

"गुन्हा नाही, पण काम तरी काय केलंस?" शेठ म्हणाले. "झुंबरनं विझवलेली आग गावानं पाहिली. तुझी न लागलेली आग कुणी पाहिली? उद्या ती इथं आणून दाखव, पगार दुप्पट करतो. नाही आणलीस तर नोकरी सोड."

बाहेर दिवाणजींनी तिला हळूच काडेपेटी देऊ केली. "कोपऱ्यात जरा लाव आणि विझव. सगळे तेच करतात."

"तुमचं धोतर तुमाला लखलाभ," सगुणा म्हणाली आणि चालू लागली.

दुसऱ्या दिवशी व्यापारी विम्याचा हप्ता भरायला पेढीवर जमले होते. सगुणा डोक्यावर झाकलेली टोपली घेऊन आली, ती अगदी जपून.

"सरका, भाजंल कुणाला तरी."

सगळे सरकले. झुंबर तर सवयीनं घागर घेऊन धावला. शेठनी लांबूनच काठीनं झाकण उडवलं.

"रिकामी आहे ही!"

"तीच की. न लागलेली."

"आणि या रिकाम्या टोपलीचे मी पैसे मोजू?"

सगुणा व्यापाऱ्यांकडे वळली. "भिकोबाशेठ, तुमी साल दर साल हप्ता भरता. हातात काय पडलं?"

"काहीच नाही," भिकोबा लाड म्हणाले. "आमच्या वखारीला कधी आगच लागली नाही."

"मंग धनी, तुमी त्यांना जे इकता तेच मी आनलंय. माजी टोपली रिकामी असंल तर त्यांचे पैसे परत करा. भरलेली असंल तर माजे द्या."

भिकोबांनी कनवटीतून काढलेले रुपये तसेच मुठीत आवळले. बाकीच्यांच्याही मुठी मिटल्या. शेठनी त्या सगळ्या मुठींकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं, आणि पोट धरधरून हसू लागले.

"आजपासून सगुणेला दुप्पट पगार, मागच्या सगळ्या वर्षांचा फरक, आणि सगळ्या वखारींची मुखत्यारी!" त्यांनी डोळे पुसले. "आणि दिवाणजी, ती टोपली तिजोरीत ठेवा. दोन्ही हातांनी उचला, काठोकाठ भरली आहे."