ठकूचा सज्जा

फार वर्षं झाली या गोष्टीला. माळेगड नावाचं एक चिमुकलं संस्थान होतं. तिथले राजे आबासाहेब विलायतेला गेले, तिथलं ऑपेरा हाऊस बघून आले आणि तसंच नाटकघर आपल्या गावात हवं म्हणून बसले. घोड्याच्या नालेसारखे वळलेले तीन सज्जे, एकावर एक; वर रंगवलेला घुमट, मधोमध झुंबर. शिवाय रंगमंचावर कुणी कुजबुजलं, तरी सगळ्यात वरच्या, गरिबांच्या सज्ज्यात ऐकू गेलं पाहिजे! राजांना हट्ट करायला काय जातं? घाम गावानं गाळायचा.

बैल फिरवून चुना मळायच्या घाणीवर ठकू कामाला होती. तिचा नवरा गवंडी. घुमटाचं काम करताना तो परांचीवरून पडला आणि गेला. त्यांच्या यमीनं, एवढ्याशा पोरीनं, ते डोळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून तिची वाचाच बसली. वैद्य झाले, नवस झाले. पोर आईचा पदर धरून नुसती बघत राही.

गाणं न म्हणता मळलेला चुना भिंतीला धरत नाही, असं तिथले लोक मानत. म्हणून घाणीवर बायका गायच्याच. ठकूचं काळीज फाटलेलं, तिला गाणं कुठून सुचणार? मग पोरीला जे सांगायचं, तेच ती चुन्याला गाऊन सांगू लागली, "बोल गं माझ्या यमे, बोल गं माझ्या साळुंके." तो चुना सज्ज्यांना लागला, घुमटाला लागला. भिंतींनी ते गाणं पाठ केलं, असं म्हणतात.

नाटकघर उभं राहिलं. उद्घाटनाआधी एका दुपारी राजांनी कामकऱ्यांना आत सोडलं. सगळे धावले ते थेट वरच्या सज्ज्यात. गर्दीत यमीचा हात सुटला. ठकूनं घाबरून खाली पाहिलं, तर पोर रंगमंचावर एकटीच उभी! ठकू कठड्यावरून वाकली. कठडा अजून पक्का बसवलेला नव्हता.

यमीनं मान वर केली. इतक्या उंचावर आईला वाकलेलं पाहिलं आणि तिच्या तोंडून जेमतेम फुटलं,

"आये, मागं सर."

कुजबुजच ती. पण सज्ज्यांनी ती वरच्या वर झेलली, घुमटानं फिरवली, झुंबराचे लोलक किणकिणले आणि शब्द ठकूच्या कानाशी आले. ती चटकन मागं सरली. कठडा खालच्या रिकाम्या खुर्च्यांवर कोसळला. ठकू मटकन खाली बसली आणि रडत रडत म्हणाली, "सरले गं बाय, सरले. आनी बोल."

ते शब्द संध्याकाळपर्यंत घुमटातून गेले नाहीत, असं म्हणतात. राजेसुद्धा ऐकून रडले, असंही म्हणतात. त्यांना रडताना कुणी पाहिलं, ते मात्र कुणी सांगत नाही.

आजही माळेगडात उशिरा बोलणारी पोरं त्या रंगमंचावर आणून बसवतात आणि आई वर ठकूच्या सज्ज्यात जाऊन उभी राहते. नाटक कुठलंही असो, पडदा उघडण्याआधी कंपनीतलं सगळ्यात धाकटं माणूस पुढे येऊन हळूच म्हणतं, "आये, मागं सर." मग त्या सज्ज्यातली प्रत्येक बाई, परगावची असली तरी, एक पाऊल मागं घेते आणि म्हणते, "सरले गं बाय."