तिखी मुंगी आणि पणजीचा गाल

एक होती मुंगी. लाल लाल, एवढीशी. नाव तिचं तिखी.

एक होती पणजी. पणजी म्हणजे आजीची आई. पणजी बाळासाठी गोधडी शिवत होती. आजोबांचं धोतर, आजीचं लुगडं, आईचा परकर, सगळ्यांचे तुकडे एका गोधडीत. सुई चाले चुट्ट चुट्ट.

गोधडी पुरी झाली की पणजी देवापुढे साखर ठेवी. पहिला कण मुंगीचा.

आज तिखी आली. तुरुतुरु, तुरुतुरु. बघते तर काय, कण नाही. आणि पणजीचा गाल हलतोय.

तिखीला आला संशय.

"पणजी, पणजी, माझी साखर तू खाल्लीस?"

"नाही गं बाई. एक टाका राहिलाय. सुई माऊच्या पोटाखाली. माऊ काही उठेना."

"मग गाल का हलतो?"

"देवाचं नाव घेते."

"बघतेच मी," तिखी म्हणाली.

तुरुतुरु, तुरुतुरु. तिखी गेली माऊकडे.

"माऊ उठेना,
टाका पडेना,
साखर मिळेना. ऊठ की गं."

"उठू कशी? टिप्या कुत्रा माझी जागा घेईल. आधी तो हलू दे."

तुरुतुरु, तुरुतुरु. तिखी गेली टिप्याकडे.

"टिप्या हलेना,
माऊ उठेना,
टाका पडेना,
साखर मिळेना. हल की रे."

"हलू कसा? कोंबडी माझी भाकर खाईल. आधी ती सरकू दे."

तुरुतुरु, तुरुतुरु. तिखी गेली कोंबडीकडे.

"कोंबडी सरकेना,
टिप्या हलेना,
माऊ उठेना,
टाका पडेना,
साखर मिळेना. सरक की गं."

"सरकू कशी? कावळा माझं पिल्लू नेईल. आधी तो उडू दे."

तुरुतुरु, तुरुतुरु. तिखी चढली कुंपणावर.

"कावळा उडेना,
कोंबडी सरकेना,
टिप्या हलेना,
माऊ उठेना,
टाका पडेना,
साखर मिळेना. ऊड की रे."

"उडू कसा? मी गेलो की साखर तू एकटीच खाशील."

"एकटीच खाणार. माझीच आहे ती."

तिखीनं धरलं कावळ्याचं बोट. पणजीच्या सुईसारखी चावली, चुट्ट.

काव काव काव.

कावळा उडाला,
कोंबडी सरकली,
टिप्या हलला,
माऊ उठली,
चुट्ट, टाका पडला.

पणजीनं हात जोडले. देवापुढे साखर ठेवली. पहिला कण तिखीला.

पणजीचा गाल अजून हलतच होता. तिखी चढली तिच्या खांद्यावर. कान देऊन ऐकलं.

हरी हरी, हरी हरी.

"खरंच की," तिखी म्हणाली.

पणजीनं तिच्याकडे बघितलं. डोळे केले बारीक.

"का गं तिखे, आता तुझा गाल का हलतो?"

"तुझं नाव घेते, पणजी."

मुंगीच्या गालात साखर, बाळाच्या अंगावर गोधडी. ही बघ, तुझ्या अंगावरची, तीच.