मृणालवतीच्या तीन बुड्या

एका राज्यात एक राखलेलं रान होतं. तिथल्या झाडाला कुऱ्हाड लागत नसे, तिथल्या हरणामागे बाण सुटत नसे. रानाच्या पोटात काळ्या कड्यावरून धबधबा कोसळे आणि खाली हिरव्या पाण्याचा डोह भरे. पाणी इतकं नितळ, की तळाचे गोटे जवळ वाटावेत. कड्यावर नेचे डुलत, तुषारांत इंद्रधनुष्य उभं राही.

एका उन्हाळ्यात राजा सुमेघ त्या डोहात पोहायला गेला, तो परतला नाही. त्याला शोधायला गेलेले स्वारही परतले नाहीत. दरबार ओस पडला, न्यायनिवाडे थांबले, शेजारचा राजा सीमेवर तंबू ठोकू लागला. तेव्हा राणी मृणालवती एकटीच निघाली. तिचं माहेर नदीकाठचं, पाण्याचं तिला भय नव्हतं.

डोहाशी येऊन पाहते, तो राजा पाण्यावर उताणा तरंगतो आहे. डोळे उघडे, ओठांवर हसू. भोवती स्वार तरंगत होते, आणि कुण्या जुन्या काळचे गुराखी, बाशिंग बांधलेला एक नवरदेवही. कुणी बुडालं नव्हतं, कुणी म्हातारं झालं नव्हतं.

"महाराज, घरी चला," राणी म्हणाली.

राजाने मान वळवली. "घर म्हणजे काय, बाई?" असं म्हणून तो अलगद वाहत दूर गेला.

राणी कातळावरून पाण्याकडे वाकली. तोच उंबरावरून एक धनेश पक्षी बोलला, "राणीसाहेब, पाण्याला हात लावू नका. धूम्रक जादूगाराने या तळाशी चोरीचं धन बुडवलं आणि शाप घातला, की इथे जो उतरेल तो काठ विसरेल. मग एका दुपारी उकाडा असह्य झाला आणि तो स्वतःच उतरला. तो बघा, पांढऱ्या दाढीचा."

"पक्षिराज, शाप सुटेल कसा?"

"तळाशी सोन्याची घंटा आहे, मोत्याचा शंख आहे, हिऱ्यांचा मुकुट आहे. एकेका बुडीत एकेक वर काढा आणि धबधब्याखाली धरा. धार त्यांचा फेस करील."

"आणि मी विसरणार नाही?"

"रमायला उतरेल तो सारं विसरतो. सोडवायला उतरेल त्याची दर बुडीला एकच आठवण जाते. पण ती परत मिळत नाही."

राणीने पदर खोचला आणि सूर मारला. तळाला गारवा होता, हिरवा उजेड होता, आणि इथेच राहावं असं वाटायला लावणारी गुंगी होती. तिने घंटा धरली आणि वर आली. धारेखाली घंटेचा फेस झाला. राणी गुणगुणू लागली, ती मध्येच थांबली. आईची अंगाई तिला आठवेना.

दुसऱ्या बुडीत शंख आला आणि आईचा चेहरा गेला.

राणी काठाला धरून बराच वेळ राहिली. धनेश म्हणाला, "पाणी अधिकाधिक जवळची आठवण शोधत चाललंय. थांबायचं असेल तर थांबा."

राणीने तरंगणाऱ्या राजाकडे डोळे भरून पाहिलं. "मी वर आले, की मला सांगा, ते माझे पती आहेत म्हणून."

"सांगेन, राणीसाहेब. पण तुम्हाला पटेलच असं नाही."

तिने तिसरी बुडी मारली.

मुकुटाचा फेस झाला आणि डोह जागा झाला. स्वार ओरडले, गुराखी कुडकुडत काठाला लागले. धूम्रक आपलं नाव आठवून ढसाढसा रडला. त्याची जादू पाण्यात धुऊन गेली होती. राजा धावत आला. "मृणाल!"

राणी एक पाऊल मागे सरली.

"हे तुमचे पती," धनेश म्हणाला.

"असतील," राणी म्हणाली.

धनेशाने राजाला सारं सांगितलं. राजा दोन पावलं मागे सरला. मग त्याने हात जोडले. "बाईसाहेब, मी सुमेघ. आपल्याला राजवाड्यापर्यंत सोबत केली तर चालेल का?"

"वाट मला आठवते," राणी म्हणाली. "पण ती लांब आहे. आपण बोला, मी ऐकेन."

राजा दरबारात पोचला, तशी न्यायनिवाड्यांची घडी बसली आणि सीमेवरचे तंबू उठले. डोह साऱ्यांना मोकळा झाला. पण त्याआधी, त्या हिरव्या वाटेवर, राजा आपल्या लग्नाची हकिकत सांगत चालला होता. मांडवात हत्ती कसा शिरला आणि नवऱ्यामुलाने भिऊन वधूच्याच पाठीमागे दडी कशी मारली, ते त्याने सांगितलं.

राणी खुदकन हसली.

"मग?" ती म्हणाली.