पहिल्या पत्रिकेला हळद

"...आणि विरोध एकानेही केला नाही?" सोनामायने विचारलं.

"एकानेही नाही," भास्करराव म्हणाले. अभिमान नुसता आवाजातच नव्हता, बसण्यातही होता.

पांझरेकाठच्या मठात सोनामाय एकटी राहायची. नवरा गेल्यावर तरुणपणीच इथे आली. आता पंचक्रोशी तिच्या पाया पडते. भास्करराव तिचे जुने शिष्य. विधवेचं कुंकू पुसायचं नाही, मंगलकार्यात तिला सुवासिनीइतकाच मान द्यायचा, अशी शपथ आधी त्यांनी स्वतः घेतली, मग ग्रामसभेत ठराव करून घेतला. आता आणखी अकरा गावं त्यांना बोलावत होती. त्यासाठी मायचा आशीर्वाद हवा होता. शिवाय मुलीच्या लग्नाची पहिली पत्रिका मठातल्या देवापुढे ठेवायची होती. एका फेरीत दोन्ही कामं. माणूस मोठा व्यवहारी.

मायने हळद कधी कुटायची ते विचारलं. उद्याच.

"कुटायला कोण बसणार?"

भास्कररावांनी पाच सुवासिनींची नावं सांगितली.

"आणि इंदू?"

इंदूवहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची विधवा. मुलगी तीन वर्षांची असताना तिची आई गेली. तेव्हापासून तिला वाढवलं ते इंदूवहिनीनेच.

"ती आपणहूनच पुढे येत नाही, माय. तिला आवडत नाही."

"विचारलंस?"

स्वयंपाकघर सगळं तिच्यावरच आहे, तिच्याशिवाय पान हलत नाही, असं काहीबाही ते सांगत राहिले.

"तू असशील ना हळदीला?"

"मुलीचा बाप आहे मी."

"बायको तर तुझीही गेली रे..."

भास्करराव खाली बघू लागले.

मायने पत्रिका मागितली. त्यांनी ती पुढे धरली. मायने देवापुढचा करंडा ओढला, बोट हळदीत बुडवलं आणि पत्रिकेच्या कोपऱ्याकडे नेलं.

पत्रिका मागे सरकली.

चार बोटंच. आपण ती मागे घेतली हे भास्कररावांना नंतर कळलं. मायचं बोट तसंच हवेत होतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मुलीचं लग्न आहे," माय म्हणाली, "वाटतं माणसाला." आणि बोट पदराला पुसलं.

"उद्या वहिनीलाच पहिल्या मानाने बसवतो, माय."

"बसवू नकोस. विचार."

"नाही म्हणाली तर?"

"तर का, तेही ऐकून घे."

ते उठले. आशीर्वाद मागायचं धाडस आता नव्हतं. उंबऱ्याशी मात्र थांबले.

"अकरा गावं वाट बघताहेत, माय. त्यांना काय सांगू?"

मायने करंड्याला झाकण लावलं.

"सांग, आमच्या गावातलं एक घर ठरावात अजून यायचंय."