मामांच्या मिशीचा मुलामा

एका बाजारगावात एक भोळा भाचा होता. नाव गेनू. सांगितलेलं सगळं तो ऐकायचा. एवढीच त्याची खोड.

त्याचे मामा केरबा जुने वस्तरे नवे करून द्यायचे. गंज काढायचा, धार लावायची, पात्यावरचा चांदीसारखा मुलामा झिजला असेल तर पुन्हा चढवायचा. गावोगावचे न्हावी आणि हौशी म्हातारे त्यांच्याकडे येत. मामांना एकच मुलगी, येसू. गेनूला येसू आवडायची. येसूलाही गेनू आवडायचा. का, ते विचारू नका.

मामा म्हणाले, "गेनू, दुकानात बस. एक वस्तरा धड करून दाखव. मग मी माझ्या वडलांना बोलावतो. आबा हो म्हणाले तर आपल्या येसूशी तुझा साखरपुडा. नाही म्हणाले, तर येसू दुसऱ्या घरी."

गेनू कामाला बसला.

पहिला वस्तरा आला गणपत न्हाव्याचा. पात्यावर थोडा गंज आणि मधे त्याच्या आज्याचं नाव कोरलेलं. मामा म्हणाले, "घासून साफ कर." गेनूनं घासला. गंज गेला. आजाही गेला. गणपत कपाळाला हात लावून बसला.

"अरे शहाण्या," मामा म्हणाले, "जुनी खूण जपायची असते."

"बरं, मामा. खूण जपायची."

दुसरा वस्तरा शाळेतल्या बापट मास्तरांचा. त्याच्या धारेला मधोमध खाच पडली होती. गेनूनं पातं लख्ख केलं आणि खाच जिवापाड जपली. सकाळी दाढी करून मास्तर शाळेत गेले, तर गालावर केसांच्या रेघाच रेघा. पोरं त्यांना दुरेघी वही म्हणायला लागली. मास्तर तडक दुकानात आले आणि मामांना नाही नाही ते बोलले.

"ज्याचा वस्तरा त्याला आधी विचारावं की नाही?" मामा गेनूवर खेकसले. "विचारल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही."

"बरं, मामा. विचारायचं."

तिसरा वस्तरा पारूकाकूंनी आणला. त्यांच्या कैलासवासी यजमानांचा. गेनू सरळ काकूंच्या घरी गेला. भिंतीवर हार घातलेला फोटो होता. त्याच्यासमोर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "काका, मूठ बदलू का?" काकूंनी चहा दिला. मग पोहे दिले. पोरगं श्रद्धाळू दिसतंय, असं त्यांना वाटलं. दिवे लागले तेव्हा मामा शोधत आले.

"इथं काय करतोयस?"

"काका काही बोलत नाहीत, मामा."

मामांनी डोळे मिटले, उघडले. "विचारून कुणी गप्प राहिलं, की त्याची हरकत नाही असं समजायचं. ऊठ."

"बरं, मामा. गप्प म्हणजे हरकत नाही."

चौथा वस्तरा बँडवाल्या रज्जाकभाईंचा. मुलामा अर्धाअधिक उडालेला. गेनूनं विचारलं, "उरलेला काढू का?" रज्जाकभाईंच्या तोंडात पान होतं. ते गप्प. म्हणजे हरकत नाही. गेनूनं निम्मं पातं खरवडलं, तेवढ्यात जेवणाची हाक आली. तो उठला.

मामांनी वस्तरा पाहिला. "अर्धं काळं, अर्धं पांढरं, असं ठेवतात का? मुलामा उडायला लागला की उरलेलाही काढायचा. मग नवा चढवायचा. आणि हात घातलेलं काम अर्धवट सोडायचं नाही. काही झालं तरी नाही."

"बरं, मामा." गेनू परत बसला. सगळा मुलामा उतरवला, पातं गुळगुळीत केलं, नवा मुलामा चढवला. वस्तऱ्यात तोंड दिसायला लागलं. मामांना इतका आनंद झाला की त्यांनी आबांना त्याच दिवशी निरोप धाडला, गुरुवारी या.

गुरुवार उजाडला. येसू नवी साडी नेसून तयार झाली. जेवण करून मामा जरा ओट्यावर आडवे झाले. मामांच्या मिशा भरघोस. पण त्या गडबडीत कलप लावायचा राहिला होता. मिशी अर्धी काळी, अर्धी पांढरी.

गेनू वाकून बघत राहिला. मुलामा उडालाय.

"मामा, उरलेला काढू का?"

मामा घोरत होते. गेनूनं थोडी वाट पाहिली. मामांनी हरकत घेतली नाही. वस्तऱ्याला धार मामांनीच लावलेली, त्यामुळे त्यांना काही कळलंसुद्धा नाही. मिशी साफ उतरवून गेनू नव्या मुलाम्याचं भांडं तापवायला मागे गेला.

आता आपल्याकडे बाप असेपर्यंत मुलगा मिशी काढत नाही. काढली, म्हणजे बाप गेला. रस्त्यानं गणपत न्हावी चालला होता. त्यानं मामांचा ओठ पाहिला आणि टोपी काढली.

"केरबाचे आबा गेले."

घटकाभरात गल्ली जमली. मामा झोपलेलेच. "धक्क्यानं पडलाय बिचारा," लोक म्हणाले. कुणी बांबू आणले, कुणी मडकं आणलं. येसूनं नव्या साडीचा पदर तोंडाला लावून हंबरडा फोडला. त्यानं मामा जागे झाले.

"काय झालं? कोण गेलं?"

"तुझे वडील," गणपत म्हणाला.

मामा ओक्साबोक्शी रडायला लागले.

इतक्यात बैलगाडी थांबली. आबा उतरले. हातात साखरेचा पुडा. गर्दी बाजूला झाली. आबांनी बांबू पाहिले, मडकं पाहिलं, मग मुलाचा ओठ पाहिला.

"केरबा," आबा हळूच म्हणाले, "मी कधी गेलो?"

मामांनी ओठाला हात लावला. मागून गेनू तापलेलं भांडं घेऊन बाहेर आला. त्यानं सगळीकडे नीट पाहिलं. बांबू आणलेले. मडकं आणलेलं. माणसं जमलेली. त्यानं भांडं खाली ठेवलं, बांबूंशेजारी चटई अंथरली आणि आबांच्या पाया पडला.

"आबा, काम अर्धवट सोडायचं नाही, असं मामांनीच सांगितलंय. या, आडवे व्हा. फक्त आमच्या लग्नाला तेवढं हो म्हणून ठेवा."