देवराईतली जीप

वडगणीच्या देवराईत, म्हणजे देवीच्या नावानं राखलेल्या रानात, पायवाट आहे, गाडीवाट नाही. तरी बडे कंत्राटदार उदयसिंहराव यांनी आपली भलीमोठी जीप आत घातलीच. कोवळी रोपं चिरडत ती झऱ्याकाठी नेली, तंबू ठोकला आणि दोस्तांसह रात्रभर धिंगाणा घातला.

सकाळी पूजेला आलेल्या ठकूबाई गुरवांनी बाटल्यांचा आणि प्लास्टिकचा खच पाहिला. त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"हे सगळं उचला, मगच जा!"

उदयसिंहराव खो खो हसले. "काय गं म्हातारे, देवराईतली काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही, असा तुमचाच नेम ना? आम्ही तो पाळतोय. राहू दे देवीला!"

दोस्तांनी टाळ्या पिटल्या. ठकूबाई दातओठ खात बाजूला झाल्या.

रावांनी ऐटीत जीप चालू केली. झऱ्याकाठची ओली माती ती! चाकं गरगरली आणि पार आत रुतली. दोस्तांनी ढकलून पाहिलं. गाडी आणखीच खचली.

"अहो आजी," राव आता मऊ आवाजात म्हणाले, "गावातून बैलजोड्या मागवा ना. ओढून काढू."

"छे, छे!" ठकूबाईंनी कानाला हात लावले. "बाटल्या देवीच्या झाल्या, मग गाडी तुमची कशी राहील? नेम तुम्हीच सांगितलात."

गावातला एकही बैल जागचा हलला नाही. भर दुपारी उदयसिंहराव ओणवे होऊन काचा वेचत होते आणि ठकूबाई काठीनं दाखवत होत्या, "ते बघा, करवंदीखाली अजून एक बूच राहिलंय. का ठेवताय देवीला?"