उत्पलाचा खेळ

“म्हणजे भीतीतही मजा असते, असं तुमचं म्हणणं आहे, भन्ते?”

“मी अजून काहीच म्हटलेलं नाही.”

विहारात येऊन बसल्यापासून आपण एकटेच बोलतो आहोत, हे खोब्रागडे सरांच्या आत्ता कुठे लक्षात आलं.

तलावाकाठचं ते लहानसं विहार. भन्ते शीलरत्न ऐंशीच्या घरातले. कॉलेजच्या दिवसांत अनिरुद्ध खोब्रागडे त्यांच्याकडे पाली शिकला होता. गुरूला अडवणारे प्रश्न काढण्यात तो तेव्हा पटाईत होता आणि त्याचा त्याला अभिमानही होता. पुढे तो मानसशास्त्राचा प्राध्यापक झाला. गेलं वर्षभर गावोगावच्या शाळांत पालकांपुढे एकाच विषयावर बोलत होता. मोबाइलवरचे भीतीचे खेळ. अंधारी घरं, मागून येणारी पावलं, दाराआडून अंगावर येणारी तोंडं. बोलणं मुद्देसूद असे. लोक टाळ्या वाजवत.

रविवारी तालुक्याला मोठी सभा होती. अध्यक्ष म्हणून सरांना भन्ते हवे होते.

“तुम्ही एकच वाक्य बोला. जे भिववतं, त्याला करमणूक म्हणता येत नाही. लोक तुमचं ऐकतात.”

“तुझं ऐकत नाहीत?”

“ऐकतात. पण माझ्याकडे बघून हळहळतात... मग मुद्दा राहून जातो.”

भन्तेंना ठाऊक होतं. आसपासच्या सगळ्यांनाच ठाऊक होतं. सरांची एकुलती मुलगी, उत्पला, पंधरा वर्षांची, ब्लड कॅन्सरनं गेली होती. नागपूरच्या एका दवाखान्यात. तिथल्या खाटेवर पडल्या पडल्या ती असलाच एक खेळ खेळायची.

“डॉक्टर काय म्हणाले होते?” भन्तेंनी विचारलं.

“खेळाचा काही संबंध नाही म्हणाले.”

“मग?”

“डॉक्टरांना रक्त कळतं, भन्ते. मन हा माझा विषय आहे.”

भन्तेंनी अंगावरचं चीवर खांद्यावर सारखं केलं.

“तुम्हीच सांगा,” सरांचा आवाज चढला. “जिच्या हाताला दिवसभर सुया टोचलेल्या, जिला रोज उठून नवा रिपोर्ट ऐकायचा, तिला भीतीची काय कमी होती? तरी तिनं आणखी मागून घ्यायची? किंचाळायची आणि वर हसायची. खदखदून. ती मजा नव्हती, भन्ते. तिच्यात होती नव्हती ती ताकद त्या खेळानं ओढून नेली.”

“कधी खेळायची?”

“संध्याकाळी. दिवसा आई जवळ असायची, तेव्हा चित्रं काढायची, नाहीतर झोपायची. मी कॉलेज आटोपून पोचलो आणि आई तिथल्याच आपल्या बहिणीकडे स्वयंपाकाला गेली, की हिनं मोबाइल काढलाच. मला आवडत नाही हे ठाऊक होतं ना. मुद्दाम.”

“रोज?”

“रोज. मी आलो की.”

भन्ते तलावाकडे बघत राहिले. पाण्यात एक म्हैस मानेपर्यंत बुडून उभी होती.

“तू खेळलास कधी?”

“मी?... अभ्यास केलाय मी त्याचा. परदेशातले निबंध वाचलेत.”

“तिचा मोबाइल कुठे आहे?”

सरांचा हात आपसूक शर्टाच्या खिशाकडे गेला. तो मोबाइल ते रोज चार्ज करत. बायकोच्या नकळत. चार्ज करत आणि न उघडता परत खिशात ठेवत.

“लाव,” भन्ते म्हणाले.

“तुम्हांला हे चालत नाही, भन्ते. खेळ-तमाशे वर्ज्य. सातवं शील तुम्हीच पाठ करून घेतलं होतंत.”

“अजून पाठ आहे तुझं.”

भन्ते भिंतीला धरून उठले. त्यांनी खिडकीची दारं लोटली. खोली अंधारली. परत येताना ते आपल्या जागी, समोर, बसले नाहीत. सरांच्या शेजारी येऊन बसले. खांद्याला खांदा लागेल इतके जवळ.

“लाव.”

पडदा उजळला. उत्पलानं खेळ अर्ध्यावर सोडला होता. जिथे थांबलात तिथून पुढे जायचं का, असं तो विचारत होता.

सर त्या ओळीकडे बघत राहिले... अंगठा काही हलेना.



शेवटी अंगठा टेकला. एक लांबलचक बोळकांडी दिसली. हातात कंदील. दोन्ही बाजूंना बंद दारं. दूर कुठेतरी काहीतरी जड ओढत नेल्याचा आवाज.

“हे बघा,” सर समजावून सांगू लागले, “इथे आवाज मुद्दाम कमी ठेवतात. म्हणजे खेळणारा कान देऊन ऐकतो. ही युक्ती आहे. आता तो पुढे जाईल, आणि...”

ओढण्याचा आवाज थांबला.

सरही बोलायचे थांबले. कंदील फडफडला. डावीकडचं एक दार किलकिलं होतं. मघाशी ते बंद होतं. सरांनी श्वास रोखला, आणि दार उघडायच्या आधीच मागून, अगदी मानेजवळून, एक पांढरं तोंड पडदाभर आलं.

सर ओरडले. मोबाइल मांडीवर पडला.

आणि पाठोपाठ ते हसले. आखूड, श्वास सुटल्यासारखं, त्यांना न विचारता आलेलं हसू. वर्षभरात पहिल्यांदाच. आपण हसलो हे कळलं तसा त्यांचा चेहरा उतरला.

त्यांनी खाली पाहिलं. भन्तेंचा हाडकुळा हात त्यांनी मनगटाशी घट्ट आवळून धरला होता. चीवराचा काठही मुठीत आला होता. ते ओशाळून सोडू लागले.

“राहू दे,” भन्ते म्हणाले. “का धरलास?”

“भीती वाटली.”

“ती कुणाचा हात धरायची?”

...

बाहेर कुणीतरी म्हशीला हाका मारत होतं. आवाज हळूहळू लांब गेला.

“उशी,” सर म्हणाले.

भन्तेंनी मान त्यांच्याकडे वळवली.

“उशी धरायची छातीशी. मी खिडकीपाशी उभा असायचो. पेपर घेऊन.” सर एकेक शब्द ठेवत होते. “खाटेवर सरकून जागा करायची. म्हणायची, बाबा, बसा ना इथे. एकटीला नाही मजा येत... मी म्हणायचो, आधी ते बंद कर. मग बसतो.”

“मग?”

“नाही करायची बंद. थोडी जागा तशीच ठेवून खेळायची.”

पुढे त्यांना बोलता आलं नाही. वर्षभर सभांमधून कोरड्या डोळ्यांनी बोलणारा तो माणूस भन्तेंच्या खांद्यावर डोकं टेकून लहान मुलासारखा रडला. भन्तेंनी पाठीवरून हात फिरवला नाही, समजूत घातली नाही. धरलेला हात तेवढा धरू दिला.

बऱ्याच वेळानं सरांनी डोळे पुसले. मांडीवरचा पडदा अजून उजेड टाकत होता. पुन्हा सुरू करायचं का, असं विचारत होता.

“रविवारी मी लोकांना काय सांगू, भन्ते?”

भन्तेंनी मोबाइल उचलला. त्यांना तो नीट धरताही येत नव्हता. उलटा धरला, सुलटा केला, आणि सरांपुढे केला.

“पुन्हा लाव,” ते म्हणाले. “आता मी घाबरतो.”